अंगाशी धरून

माझी पाठ गेली ती आईच्या सोवळ्यापायी. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडात धरून मणके, गादी, दबलेली नस असं बरंच काही दाखवलं. मी मान डोलावत राहिले. खरं कारण त्या फोटोत दिसणारं नव्हतं, आणि डॉक्टरांना सांगून त्यांना ते कळलंही नसतं.

आम्ही काशीतले मराठी. रामघाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि त्यात राहणाऱ्या दोघीच, आई आणि मी. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी इथल्याच एका शाळेत मुलींना गणित शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांचा मला पन्नाशी उलटल्यावरही राग येतो.

आईचं सोवळं कडक. पहाटे आंघोळ, मग काठीने उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं काठीनेच खाली काढायचं, ते नेसायचं, आणि मग देवपूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत कोणी तिला शिवायचं नाही. लहानपणी मी झोपेतून उठून तिच्याकडे धावले की पहिला शब्द कानावर यायचा तो ‘शिवू नकोस!’ ती रागावून म्हणायची असं नाही. गॅसजवळ जाऊ नको म्हणावं तसं म्हणायची. पण मी लांबच उभी राहायला शिकले. शाळेतल्या मुलींच्या आया त्यांना कवेत घ्यायच्या, गालाला गाल लावायच्या, आणि मला ते बघून अवघडल्यासारखं व्हायचं. आईने माझ्यावर माया केली नाही असं कोण म्हणेल? ताटात पहिली पुरणपोळी माझी. पण ती सुद्धा वरून, हात न लागता, ताटात पडायची.

मग आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, पण ती काही पुन्हा चालली नाही. पाय नुसते लोंबायचे. तिने कसलीच तक्रार केली नाही, एकच गोष्ट मागितली. रोज सकाळी तिला सोवळं नेसवून स्वयंपाकघरात देवांसमोरच्या पाटावर बसवायचं. पूजा ती स्वतः करणार. बाकी दिवसभर लाकडी तखतावर पडून राहायची तिची तयारी होती.

“बाई ठेवू या ना आपण. चांगली धट्टीकट्टी बाई. उचलेल, बसवेल,” मी म्हटलं.

“बाईने उचललेलं सोवळं म्हणजे कसलं सोवळं? त्यापेक्षा मला गंगेत ढकल.”

“आई, कुठल्या जमान्यात आहेस तू?”

“माझ्याच. तुझ्या जमान्यात तू राहा, मी काही आडवी येत नाही.”

हिच्याशी भांडून काय होणार? मीच उचलू लागले. पहाटे आंघोळ करून, तिच्यासारखंच सोवळ्याचं नेसून. तरी तिची अट होतीच, “नुसतं हातांनी धर. अंगाशी नको. तू दिवसभर शाळेत शंभर जणींत मिसळतेस.” आंघोळ झाल्यावर शाळा अंगाला कुठे चिकटून राहते, हे विचारायचं मी टाळलं. आणि खरं सांगायचं तर तिने म्हटलं नसतं तरी मी तशीच धरली असती. तिला जवळ कसं घ्यायचं ते मला येतच नव्हतं. तिच्या काखेत हात घालायचे, कोपरं ताठ, कंबरेत वाकून, आणि मध्ये वीतभर अंतर ठेवून तिला तखतावरून पाटापर्यंत न्यायची. भरलेली परात ओट्यावरून लांब धरून न्यावी तशी. कोणीही शहाणा माणूस परात तशी नेत नाही, ती गोष्ट वेगळी.

एका सकाळी तिला पाटावर टेकवली, आणि माझ्या कंबरेत काहीतरी कडकन झालं. मी तिथेच आडवी झाले. आई पाटावर, मी तिच्या पायाशी, आणि दोघींनाही उठता येईना. आईने खालच्या मजल्यावरच्या काकांना हाका मारल्या. काका म्हणजे आमच्या गल्लीतले पुरोहित, मराठी घरांतली सगळी कार्यं तेच करतात. ते आणि काकू धावत आले. काकूंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, “अग बाई, दोघी एकदम?”

पुढचे कितीतरी आठवडे आम्ही समोरासमोर दोन तखतांवर पडून होतो. शेवटी बाई ठेवावीच लागली. पूजा काका करून जायचे, तीही घाईघाईने, पाण्याचे चार शिंतोडे, दोन फुलं, घंटा आणि निघाले. त्यांचाही दोष नाही, त्यांना सात घरं असायची. आईच्या तखतावरून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, देव दिसायचे नाहीत. घंटा वाजली की ती तिथूनच हात जोडायची. एकदा काका गेल्यावर ती म्हणाली, “बाळकृष्णाला पुसलं नसेल त्यांनी. ओला ठेवला असेल.” आणि रडायला लागली. मी आईला रडताना वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच. मला उठून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, हिला मी पुन्हा पाटावर बसवीन.

डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. शेक देणारी फिजिओथेरपीची मुलगी मात्र म्हणाली की न उचलता पाठ अजूनच दुबळी होते, दुखणं थांबलं की हळूहळू वजन घ्या, पण शिकून घ्या. म्हणून मी मैदागिनजवळच्या एका जिममध्ये गेले. दुपारी तिथे बायकांची वेळ असते. शिकवणारी बाई पूर्वी वेटलिफ्टिंग करायची म्हणे, बलियाकडची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. पहिल्याच दिवशी तिने मला पावडरचा डबा विकायचा प्रयत्न केला आणि पाठमोरी उभी करून माझा फोटो काढला. “बिफोर का है, मॅडम. आफ्टर में देखिएगा.” मी म्हटलं, फोटो कुठे लावलास तर याद राख. ती हसली.

डेडलिफ्ट म्हणजे काही फार मोठं शास्त्र नाही. जमिनीवर पडलेली दांडी दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, बस. पण उभं राहताना पाठ सरळ, जोर पायांचा, आणि दांडी नडगीला, गुडघ्याला, मांडीला घासत वर यायला हवी. ती अंगापासून जितकी लांब तितका कंबरेवर भार. मी मुलींना तरफेची गणितं घालते, मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तरी नुसती रिकामी दांडी उचलतानाही ती माझ्यापासून वीतभर पुढेच राहायची.

“मॅडम, इसको अपने से दूर काहे रखती हैं? काट लेगा क्या?”

मी पुन्हा उचलली. पुन्हा लांब. तिने मागून येऊन दांडी माझ्या नडग्यांवर दाबली. “चिपका के. एकदम चिपका के.” बाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. आणि मग माझे डोळे भरून आले. बाईला वाटलं पाठ दुखली. मी तसंच वाटू दिलं. लोखंडाची दांडी, तिला ना सोवळं ना ओवळं, आणि ती सुद्धा मला जवळ घेता येत नव्हती!

हळूहळू जमलं. नडग्या सोलपटून निघाल्या म्हणून मी सलवारीखाली लांब मोजे घालू लागले. डेडलिफ्टचे इतके प्रकार असतात हे मला कुठे ठाऊक! लाकडी ठोकळ्यांवर दांडी ठेवून उचलायची, ती मला लगेच आवडली, कारण ते ठोकळे बरोबर आईच्या तखताच्या उंचीचे होते. पाय फाकवून, सुमो पैलवानासारखं उभं राहून उचलायचा एक प्रकार होता, तो पाटाच्या दोन बाजूंना पाय ठेवून मी घरी करून पाहिला. आणि एक रोमेनियन. त्यात गुडघे जरासेच मोडायचे, ढुंगण मागे न्यायचं, आणि दांडी वरून खाली आणायची, सावकाश, मांड्यांमागच्या शिरा ताणल्या जाईपर्यंत. बाई सारखी ओरडायची, “गिराइए मत, उतारिए!” माझ्या पाठीला सगळ्यात जास्त तेच लागायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना हात वर जायचा नाही. तरी एक होतं. रात्री कूस बदलताना आधी जी कळ यायची ती यायची बंद झाली.

पाठ भरायला लागली. ब्लाउज खांद्यांमागे उसवले. शिंपी माप घेताना म्हणाला, “बहिनजी, टेप दुबारा लगाता हूँ.” आईला ते उसवलेले ब्लाउज दिसलेच.

“काय ग हे? पैलवान झालीस की. आता तुला कोण करून घेणार?”

“पन्नाशीच्या घोडीला तसंही कोण करून घेणार होतं?”

“तेही खरं,” म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी खुदकन हसली.

मग ती सकाळ आली. श्रावणातली होती. मी आंघोळ करून नेसले, तिला पुसून नेसवलं, आणि तखताला गुडघे लावून उभी राहिले. आई सवयीने म्हणाली, “हातांनीच धर हं.”

“नाही आई. आता माझ्या पद्धतीने. एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, आणि तू माझ्या अंगाला चिकटून राहायचं. नाहीतर मी पुन्हा पडेन आणि बाळकृष्ण पुन्हा ओला राहील.”

मी तिला छातीशी ओढली आणि उभी राहिले. कंबरेतून काही आलं नाही, सगळा जोर पायांतून आला. आई फळीसारखी ताठ झाली होती, तोंड तिने पलीकडे वळवलं होतं. परक्या बाईच्या मांडीवर दिलेलं मूल करतं ना, तसं. मी चालत स्वयंपाकघरात गेले आणि तिला पाटावर उतरवलं. तिने लुगडं सारखं केलं, माझ्याकडे पाहिलं नाही, ताम्हण पुढे ओढलं. बाळकृष्णाला तिने इतक्या वेळा पुसलं की मला शाळेला उशीर झाला. तरी मी दारात उभीच राहिले, जावंसंच वाटेना.

मग रोजचंच झालं. आधी तिचे हात तिच्याच मांडीवर असायचे. मग एक हात माझ्या खांद्यावर आला, तोल जाईल म्हणून, असं ती म्हणाली. मग दोन्ही हात मानेभोवती आले, आणि त्याला तिने काही कारण सांगितलं नाही. पूजा झाल्यावर तिला परत तखतावर नेताना एकदा मी वाकायला लागले तर ती म्हणाली, “शाळेची घाई आहे का?”

“नाही. का ग?”

“मग थांब जरा.”

मी थांबले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. कापराचा आणि ओल्या केसांचा वास येत होता. मला सगळं आयुष्य हेच हवं होतं आणि मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, “तू लहान असताना मला फुरसतच नव्हती ग. सासूबाई होत्या, त्यांचं सोवळं माझ्यापेक्षा कडक.” मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, “असू दे कसं?” शाळेला मी त्या दिवशी गेलेच नाही.

दिवाळीनंतर तिचं जेवण सुटलं. भात दोन घास, ताक अर्धी वाटी. जिममध्ये दांडीला गोल वजनं चढत होती, बाई खूश होती, आणि घरी आई हलकी हलकी होत होती. पाठीखाली घातलेल्या हाताला तिची हाडं लागायला लागली. एकदा जिममधल्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “मॅडम, अब तो आप दो-दो मम्मी उठा लेंगी!” बिचारीला गंमत करायची होती. मी तिच्यावर अशी काही उखडले की सगळ्या जणी बघत राहिल्या. दोन आया कुठून आणू? आहे तीच हातातून निसटत चालली होती.

त्याच दिवसांत आईने मला जवळ बोलावून बजावलं. “शेवटी मला खाटेवर मरू देऊ नकोस. जमिनीवर घे. तुझ्या वडिलांना घेतलं होतं तसं.” आमच्याकडे तशी रीतच आहे. माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून उचलून, सारवलेल्या जमिनीवर दर्भ आणि तीळ पसरून, त्यावर निजवतात. प्राण जावा तो भुईवर. खाटेवर गेला किंवा खाट आणि भुई यांच्या मध्ये, अधांतरी गेला, तर दोष लागतो, त्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागतं. आईने मला शपथ घातली आणि वर म्हणाली, “आता तर तुला येतं उचलायला.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माघातला रविवार होता, जेवणाची वेळ टळून गेली होती. सकाळपासून तिचा श्वास अडखळत होता. डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात उभं राहून म्हणाले, कुठे हलवू नका आता. काकांनी नाडी धरली, थोडा वेळ डोळे मिटून बसले, आणि म्हणाले, “भुईवर घ्या.” काकूंनी भराभर शेणाचं पाणी शिंपडलं. काकांनी दर्भ पसरला, तीळ टाकले. शेजारचे दोघे जण आले होते, ते चादरीची टोकं धरायला पुढे झाले.

“नको. मी घेते,” मी म्हटलं.

“अग, तुला एकटीला कसं झेपेल?” काकू म्हणाल्या.

“झेपेल.”

मी तखताला गुडघे लावले, हात घातले, तिला छातीशी ओढली आणि उभी राहिले. माझा अंदाज चुकला. रोजच्या सवयीने जितका जोर लावला तितकं तिच्यात वजनच उरलं नव्हतं. मी एक पाऊल मागे गेले आणि सावरले. तिचं डोकं माझ्या गळ्याशी आलं. श्वास लागत होता मानेला, थांबून थांबून, कोमट.

“ठेव ग आता,” काका म्हणाले.

मला ऐकू आलं. दर्भ समोर दिसत होता. गुडघे मोडायचे, पाठ सरळ ठेवायची, सावकाश खाली न्यायचं, एवढंच तर करायचं होतं, आणि ते मला उत्तम येत होतं. पण मला तिला ठेववेना. कुठे काही दुखत नव्हतं. संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते इतकं बळ होतं अंगात. मी तिच्या कानाशी ‘आई, आई’ म्हणत होते. ‘घाई नाही ग, आज रविवार आहे,’ असंही काहीतरी म्हटलं असं काकूंनी नंतर मला सांगितलं.

“अग ठेव, वेळ जातोय!” काका या वेळी ओरडले.

मानेला एकदा ऊब लागली. मग मी वाट पाहत राहिले, आणि पुन्हा लागली नाही. तेव्हा मी वाकले आणि तिला दर्भावर ठेवलं, डोकं दक्षिणेकडे, काकांनी सांगितलं तसं. काकांनी तिच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घातलं. पाणी ओठांच्या कडेने गालावर ओघळलं. मी पदराने ते पुसलं.

काकांनी गंगाजलाचं भांडं झाकून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “तुला माहीत असेल तर सांग. खाली ठेवलीस तेव्हा श्वास होता?”

मी सहज ‘होता’ म्हणू शकले असते, आणि त्यांनी ते मानलंही असतं. मला वाटतं त्यांना तेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, “नाही काका. माझ्या हातांतच गेली.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. एकुलती एक म्हणून सगळं मलाच करायचं होतं, त्यामुळे न्यायच्या आधी त्यांनी मला आईच्या शेजारी बसवलं, हातात पळीने पाणी दिलं आणि अधांतरी मरण आल्याच्या दोषाबद्दल प्रायश्चित्ताचा संकल्प सांगितला. मी त्यांच्यामागून एकेक शब्द म्हटला आणि पाणी सोडलं. आईला हवं होतं ते तिला मिळालं नव्हतं, निदान एवढं तरी नीट व्हायला हवं होतं.

“मनापासून म्हटलंस ना?” काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पण मला तिला खाली ठेवायचं नव्हतं. अजूनही नाही.